हीट पंप : विहिरीचे पाणी आणि टँकरचे पाणी

आपल्या मंडळाच्या अंकातील या पानांवर रक्तदाब, मधुमेह, ४०१-के, मुलांच्या कॉलेजची पुंजी अशा विषयांवर जाणकार मंडळी नेहमी लिहितात. पण अमेरिकेतल्या घरात जेवढी ऊर्जा खर्च होते, तिचा जवळजवळ निम्मा भाग घर गरम किंवा थंड ठेवण्यात जातो. भारतातून आलेल्या आई-वडिलांचा हिवाळा सुखाचा जातो की कुडकुडत, हेही त्याच यंत्रावर ठरते. त्याबद्दल मात्र कोणी फारसे लिहीत नाही. मी या विषयातला तज्ज्ञ नाही. पदवी इंजिनिअरिंगची असली तरी पोट सॉफ्टवेअरवर भरते. तरीही लिहायला बसलो, कारण या यंत्राने एका महिन्यात माझ्याकडून चारशे तीस डॉलर फी घेऊन मला शिकवणी दिली. ती आपणा सर्वांना फुकट मिळावी, एवढाच हेतू.

न्यू जर्सीत आमच्याकडे गॅसची फर्नेस होती. नॉर्थ कॅरोलायनात कॅरी येथे घर घेतले, तेव्हा घराच्या कागदपत्रांत ‘हीट पंप’ असे लिहिलेले होते. मी ते वाचले आणि विसरलो. पहिल्याच जानेवारीत लातूरजवळच्या आमच्या गावाहून आई-बाबा आले. दोन दिवसांनी आई म्हणाली, “अरे, या झरोक्यातून तर गारच वारा येतोय.” थर्मोस्टॅटवर ‘ईएम हीट’ असे एक बटण होते. ईएम म्हणजे इमर्जन्सी. आईला थंडी वाजते याहून मोठी इमर्जन्सी कोणती, असा विचार करून मी ते दाबले. झरोक्यातून कढत हवा येऊ लागली. आई खूश, मी खूश.

महिन्याने बिल आले. डिसेंबरचे एकशे सत्तर होते, हे चारशे तीस. मी दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने पाच मिनिटे इकडे-तिकडे पाहिले आणि सांगितले, “पंप बारा वर्षांचा झालाय, त्यात दम राहिलेला नाही. चौदा हजारांत नवा बसवून देतो. आज सही केलीत तर पाचशेची सूट.” पेन माझ्या हातात होते. बाबा रोज सकाळी कानटोपी घालून घराभोवती फेरी मारत. ते मागून म्हणाले, “अरे, तुझी बाहेरची मोटार महिन्याभरात एकदाही फिरलेली मी पाहिली नाही. वर पानं साचलीत. न चालवलेल्या मोटारीचा दम गेला, हे याला कसं कळलं?”

दुरुस्तीवाल्याला मी “विचार करून कळवतो” असे सांगून निरोप दिला आणि यंत्राचे पुस्तक प्रथमच उघडले. ‘ईएम हीट’ दाबले की बाहेरचा पंप पूर्ण बंद होतो आणि घर केवळ विजेच्या शेगडीवर तापते, असे त्यात पहिल्या काही पानांतच लिहिले होते. बटण पुन्हा ‘हीट’वर आणले. बाहेरची मोटार पाने उडवत सुरू झाली. पुढच्या महिन्याचे बिल पुन्हा एकशे सत्तरच्या आसपास आले.

हा प्रसंग बटणाचा असला, तरी माझे म्हणणे त्याहून थोडे मोठे आहे. आपण मराठी माणसे काटकसरी आहोत, आणि त्याचा मला अभिमानच आहे. पण आपली काटकसर लहानपणी शिकलेली आहे: खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, पंखा बंद. ही सवय हीट पंपाला जशीच्या तशी लावली की पैसे वाचण्याऐवजी जास्त जातात. ते का, हे कळण्यासाठी यंत्र थोडे समजून घ्यावे लागते.

यंत्र चालते कसे

बाबांना समजावताना मी थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमापासून सुरुवात केली. त्यांनी दोन मिनिटांत थांबवले. “म्हणजे विहिरीवरची मोटार पाणी तयार करत नाही, खालचं वर आणते. तसंच ना हे?” अगदी तसेच. हीट पंप उष्णता तयार करत नाही. बाहेर असलेली उष्णता उचलून आत आणतो. वीज लागते ती उचलण्यापुरती.

बाहेर गोठवणारी थंडी असताना कसली उष्णता, असे कोणालाही वाटेल. पण खरे शून्य उणे ४६० अंश फॅरनहाइटला येते. त्या हिशेबाने ३० अंशांच्या हवेतही भरपूर उष्णता शिल्लक असते. ती आपल्याला जाणवत नाही, कारण आपले अंग तिच्यापेक्षा गरम असते. घरातला फ्रीज हेच काम करतो. आतल्या दुधातली उष्णता काढून तो स्वयंपाकघरात टाकतो, म्हणून त्याच्या मागच्या बाजूला हात लावला तर ऊब लागते. हिवाळ्यात हीट पंप अंगणाला फ्रीजचा आतला कप्पा समजतो आणि दिवाणखान्याला त्याची मागची बाजू.

ही किमया करतो तो नळ्यांतून फिरणारा द्रव, ज्याला आपण ‘गॅस’ म्हणतो. माठातले पाणी गार का होते? बाहेर पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेते. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते. सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते. या तीन घरगुती गोष्टी एकत्र केल्या की हीट पंप झाला. या द्रवाचा गुण असा की हवेच्या साध्या दाबाला तो उणे ५० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतो. बाहेरच्या कॉइलमध्ये कमी दाबावर तो थंडगार हवेतूनही उष्णता घेऊन वाफ होतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, आणि सायकलच्या पंपासारखी ती चांगलीच तापते. ही तापलेली वाफ घरातल्या कॉइलमध्ये येते, उष्णता खोलीतल्या हवेला देते आणि पुन्हा द्रव होते. एका बारीक व्हॉल्व्हमधून जाताना तिचा दाब उतरतो, आणि स्वारी पुन्हा बाहेर निघते. चार पावलांचे हे चक्र दिवसभर चालते.

बाहेरच्या यंत्रात आणखी एक व्हॉल्व्ह असतो. तो प्रवाहाची दिशा उलटवतो. उन्हाळ्यात हीच यंत्रणा आतली उष्णता बाहेर टाकते, म्हणजे एअर कंडिशनर होते. दोन ऋतूंना एकच यंत्र पुरते, म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांत ते इतके दिसते. २०२० च्या सरकारी पाहणीनुसार देशातली सुमारे १४ टक्के घरे मुख्यतः हीट पंपावर तापतात, आणि कॅरोलायना, अलाबामा या भागांत हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे. ही कल्पनाही नवी नाही. लॉर्ड केल्व्हिनने ती १८५२ सालीच मांडली होती.

घरातला अर्धा भाग : एअर हँडलर

ऍटिकमध्ये, कपाटात किंवा बेसमेंटमध्ये जो उंच पत्र्याचा डबा असतो, तो एअर हँडलर. त्याच्याकडे आपले लक्ष फक्त तो गळू लागला की जाते. त्यात चार गोष्टी असतात. पहिली, खोल्यांतून परत येणारी हवा गाळणारा फिल्टर. दुसरी, वर सांगितलेली घरातली कॉइल. तिसरी, ब्लोअर, म्हणजे ती हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलणारा पंखा. चौथी गोष्ट सर्वांत महागडी: हीट स्ट्रिप, म्हणजे विजेने लालबुंद होणाऱ्या तारांच्या पट्ट्या. बादलीत सोडून पाणी तापवायचा रॉड आठवा. हा तोच प्रकार, फक्त दहा-पंधरा किलोवॅटचा.

आता विहिरीच्या उपमेत हे कुठे बसते? बाबांनी ते लगेच सांगितले: “हा टँकर.” लातूरच्या माणसाला टँकर समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. विहिरीत पाणी खोल गेले की मोटार जास्त वेळ चालते आणि कमी पाणी देते. तसेच बाहेरची थंडी वाढली की हीट पंपाची ताकद कमी होते, आणि नेमकी त्याच वेळी घराला उष्णता जास्त लागते. एका मर्यादेनंतर विहीर पुरत नाही. मग थर्मोस्टॅट टँकर मागवतो. पडद्यावर ‘ऑक्स हीट’ असे दिसते ते हेच. पाणी येते, पण भाव वेगळा.

तो भाव किती वेगळा, ते पाहू. विजेच्या एका युनिटपासून पट्टी बरोबर एक युनिट उष्णता देते, कधीच जास्त नाही. हीट पंप हवामानाप्रमाणे दोन ते चार युनिट आणून देतो. सोयीसाठी वीज १५ सेंट युनिट आणि पंपाची सरासरी तीन धरू. हिवाळ्यातल्या एखाद्या थंड दिवशी घराला १०० युनिट उष्णता लागत असेल, तर पंपाने खर्च पाच डॉलर. पट्ट्यांनी पंधरा डॉलर. तीस दिवसांचे एकीकडे दीडशे, दुसरीकडे साडेचारशे. माझे चारशे तीसचे बिल कुठून आले, हे कोष्टक मांडल्यावर कळले. महिनाभर आम्ही टँकरवर आंघोळी केल्या, आणि विहीर भरलेली होती.

काटकसर कुठे उलटते

पहिली सवय : घराबाहेर पडताना हीट खाली आणणे. मी सकाळी ऑफिसला निघताना थर्मोस्टॅट ५८ वर आणत असे आणि संध्याकाळी ७० वर. फर्नेसच्या घरात यात बचत असते. हीट पंपाच्या घरात संध्याकाळी एकदम बारा अंशांची चढण समोर दिसली की थर्मोस्टॅट म्हणतो, हे एकट्या पंपाला वेळेत जमणार नाही, आणि पट्ट्या लावतो. दहा किलोवॅटच्या पट्ट्या दोन तास चालल्या की तीन डॉलर गेले. दिवसभर जे वाचवले ते संध्याकाळी पट्ट्यांनी खाल्ले. म्हणून हिवाळ्यात एक सोसवेल असे तापमान ठरवावे आणि तिथेच राहू द्यावे. रात्री दोन-तीन अंश उतरवायला हरकत नाही. बाहेर ३५-४० अंशांच्या वर असताना पट्ट्या लागूच नयेत अशी सोय बऱ्याच नव्या थर्मोस्टॅटमध्ये असते. ती कोणाकडून तरी करून घ्यावी. तसे असेल तर तापमान उतरवण्यातही बचत होते, फक्त घर हळूहळू तापते. उन्हाळ्यात मात्र पट्ट्यांचा संबंधच नसतो, तेव्हा बाहेर जाताना तापमान वाढवून जायला काहीच हरकत नाही.

दुसरी सवय : थंडी वाजली की आकडा ७८ वर नेणे. याने घर लवकर तापेल ही समजूत चुकीची आहे. थर्मोस्टॅट हा गाडीचा ऍक्सिलरेटर नव्हे. कुठे थांबायचे, एवढेच तो सांगतो. आकडा मोठा केला की फक्त टँकर येतो.

तिसरी सवय : न वापरातल्या खोल्यांचे झरोके बंद करणे. “पाहुण्यांची खोली रिकामी आहे, उगाच कशाला तापवायची?” हा प्रश्न आमच्या घरीही झाला. पण ब्लोअरला ठराविक हवा ढकलायची असते. साधारणपणे दर टनामागे मिनिटाला चारशे घनफूट. (टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागेल तेवढी क्षमता, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू.) झरोके बंद केले की डक्टमधला दाब वाढतो, सांध्यांतून हवा ऍटिकमध्ये निसटते आणि कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. उन्हाळ्यात तर कॉइलवर बर्फ जमतो. डक्टच्या फटींतून आधीच सर्वसाधारण घरात २० ते ३० टक्के हवा वाया जाते, असे एनर्जी स्टारचे म्हणणे आहे. बचत करायची तर झरोक्यांऐवजी त्या फटी बुजवाव्यात.

चौथी सवय : फिल्टर वर्षभर चालवणे. दहा डॉलरचा फिल्टर वाचवण्यासाठी हजारो डॉलरच्या यंत्राचा श्वास कोंडण्यात अर्थ नाही. पातळ फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदलावा. आपल्याकडे रोज फोडणी होते, त्यामुळे तो लवकर तेलकट होतो. तळण करताना चुलीवरचा पंखा लावावा, तो हवा बाहेर टाकणारा असेल तर उत्तमच.

पाचवी सवय : बाहेरच्या यंत्राला हिवाळ्यात ताडपत्री घालणे. स्कूटरला घालतो तशी. ते यंत्र हिवाळ्यातच तर जास्त राबते. त्याच्याभोवती दोन फूट जागा मोकळी हवी. कुंड्या, झुडपे, मुलांच्या सायकली तिथे नकोत.

एक भीती दूर करतो. थंड, दमट दिवशी बाहेरच्या कॉइलवर हिमाचा थर साचतो. तो वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे प्रवाह उलटवते. बाहेरचा पंखा थांबतो, “फस्स” असा आवाज येतो आणि यंत्रातून पांढरी वाफ निघते. ती वाफ पाहून आमच्या शेजारच्या मराठी कुटुंबाने अग्निशामक दलाला फोन करण्याची तयारी केली होती. तो धूर नसतो, यंत्र आपले हिम झटकत असते. मात्र बर्फाचा जाड थर तासन्‌तास तसाच राहिला, तर माणूस बोलवावा.

आईला गार का वाटत होते

हा प्रश्न आरोग्याचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने. फर्नेसची हवा झरोक्यातून १२० अंशांच्या वर येते. हीट पंपाची हवा साधारण ९० अंशांच्या आसपास असते. आपली त्वचाही जवळपास तेवढीच गरम असल्याने वाऱ्याचा झोत अंगावर आला की तो गारच भासतो. खोली मात्र त्याच हवेने हळूहळू ७० अंशांवर येते. आईची खुर्ची झरोक्याच्या अगदी समोर होती. ती चार फूट सरकवली, झरोक्याच्या पट्ट्या भिंतीकडे वळवल्या, पायात लोकरी मोजे घातले, आणि तक्रार संपली. जे काम चारशे तीस डॉलरमध्ये केले, ते खुर्ची सरकवून झाले असते.

पण म्हणून वृद्धांना थंडीत बसवून पैसे वाचवावेत, असे मी मुळीच म्हणत नाही. वयस्कर माणसांच्या शरीराला ऊब टिकवणे जड जाते, आणि कित्येकदा त्यांना स्वतःलाही ते जाणवत नाही. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग ही सरकारी संस्था वृद्धांच्या घरी किमान ६८ अंश ठेवायला सांगते. “आम्हाला काही नको, बिल वाढेल” असे आई-बाबा म्हणतात म्हणून ऐकू नये. आपल्याला यंत्र नीट चालवता आले तर ७० अंश परवडतात. खोलीत छोटा हीटर ठेवायचा असेल, तर तोही टँकरच आहे हे लक्षात असू द्यावे: दीड हजार वॅट, युनिटला युनिट. तो थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावावा, एक्स्टेंशन वायरवर कधीही नको, आणि पांघरुणापासून तीन फूट दूर.

उन्हाळ्यात दुसरी काळजी घ्यावी लागते. घरातली कॉइल हवेतले बाष्प पाण्याच्या रूपाने काढते आणि ते पाणी एका नळीतून बाहेर जाते. ती नळी शेवाळाने तुंबली की ऍटिकमधला एअर हँडलर छतावर गळतो. बुरशी येते, आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. दर काही महिन्यांनी त्या नळीत कपभर व्हिनेगर ओतावे. थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑन’ न ठेवता ‘ऑटो’वर ठेवावा, नाहीतर कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळून घर दमट राहते.

प्रश्न फक्त आपल्या बिलाचा नाही

२४ डिसेंबर २०२२ ची सकाळ नॉर्थ कॅरोलायनातल्या लोकांना आठवत असेल. कडाक्याची थंडी अचानक उतरली आणि ड्यूक एनर्जीला दोन्ही कॅरोलायनांत मिळून सुमारे पाच लाख ग्राहकांची वीज आळीपाळीने तोडावी लागली. कारणे अनेक होती. काही वीजकेंद्रे थंडीने पूर्ण ताकदीने चालेनात, बाहेरून मिळायची वीज आली नाही आणि मागणी अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली. पण अशा पहाटे घराघरांतल्या दहा-पंधरा किलोवॅटच्या पट्ट्या एकाच वेळी पेटलेल्या असतात, हेही खरे. सगळ्या गावाने एकाच दिवशी टँकर मागवला की काय होते, हे आपण गावाकडे पाहिलेले आहे. ज्या घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल आहे त्या घरातली वीजही त्यात जाते. म्हणून अशा दिवशी दोन अंश कमी ठेवणे, कपडे वाळवायचे यंत्र दुपारी लावणे हा शेजारधर्म आहे. आणि वीज गेली म्हणून गॅरेजमध्ये जनरेटर किंवा घरात कोळशाची शेगडी लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सही करण्यापूर्वी

यंत्र खरोखरच म्हातारे होते आणि बदलावेही लागते. माझा विरोध बदलण्याला नाही, न समजता सही करण्याला आहे. घर घेताना आपण दहा लोकांना विचारतो. पण थंडीत यंत्र बंद पडले की घाबरून पहिल्याच माणसाच्या कागदावर सही करतो. दारात आलेल्या माणसाला हे प्रश्न जरूर विचारावेत. नेमका कोणता भाग बिघडला आहे? तो एकटा बदलून मिळेल का? तुम्ही कॉइलवर दाब मोजला का, आकडा किती आला? गॅस कमी असेल तर गळती कुठे आहे? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. गॅस हा काही गाडीतले पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांत वर्षानुवर्षे तोच फिरतो. “दरवर्षी थोडा भरावा लागतो” असे कोणी सांगत असेल, तर एकतर गळती आहे किंवा सांगण्यात खोट आहे.

“तुमचा गॅस सरकारने बंद केला, आता यंत्र बदलाच” असेही ऐकू येते. यातले खरे एवढेच. आर-२२ या जुन्या गॅसचे नवे उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून थांबली. आर-४१०ए ऐवजी २०२५ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांत आर-३२ किंवा आर-४५४बी वापरतात. पण आर-४१०ए वर चालणारे चांगले यंत्र चालवायला आणि दुरुस्त करायला कोणतीही बंदी नाही.

नवे घ्यायचेच ठरले, तर किमान तीन ठिकाणचे लेखी अंदाज घ्यावेत. जो माणूस घराची मापे, खिडक्या, ऍटिकमधले इन्सुलेशन न पाहता “चार टन लागेल” म्हणतो, त्याला नमस्कार करावा. गरजेपेक्षा मोठे यंत्र उन्हाळ्यात पटकन थंड करून थांबते आणि दमटपणा तसाच ठेवते. आजचे इन्व्हर्टर पद्धतीचे पंप गरजेप्रमाणे वेग बदलतात आणि त्यातले काही शून्य फॅरनहाइटखालीही काम करतात. म्हणजे विहीर आणखी खोल खणता येते आणि टँकर क्वचितच लागतो. केंद्र सरकारची ३० टक्के, जास्तीत जास्त दोन हजार डॉलरची करसवलत २०२३ ते २०२५ या काळात होती. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्राला ती मिळत नाही. कोणी तिचे आमिष दाखवत असेल तर सावध राहावे. राज्याची किंवा वीज कंपनीची काही सवलत आहे का, हे मात्र स्वतः चौकशी करून पाहावे.

हीट पंप सर्वांनाच फायद्याचा, असा माझा दावा नाही. मिनेसोटात जिथे गॅस स्वस्त आणि हिवाळा लांब, तिथले गणित वेगळे. जिथे वीज महाग तिथले आणखी वेगळे. ज्याने त्याने आपल्या बिलावरचे दर घेऊन वरचे कोष्टक मांडावे. पाचवीतल्या मुलालाही ते जमेल, आणि त्याच्याकडूनच करून घ्यावे.

आमच्या यंत्राचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुसऱ्या एका माणसाने येऊन कॉइल धुतली, एक छोटा कपॅसिटर बदलला आणि दोनशे चाळीस डॉलर घेतले. चौदा हजार वाचले. बारा वर्षांची ती मोटार अजून फिरते आहे. बाबा परत जाताना विमानतळावर म्हणाले, “महिन्यातून एकदा बाहेर जाऊन बघत जा, मोटार चालू आहे की नाही.” आपणही या रविवारी चहाचा कप घेऊन घराबाहेर एक फेरी मारावी, मग फिल्टर काढून उजेडात धरावा, आणि थर्मोस्टॅटवर ‘ईएम हीट’ तर लागलेले नाही ना, तेवढे पाहावे.